दोन्ही डिस्कांवर कुंकू

मशीन बंद पडली ती सकाळी, मी हातपाय धुऊन खुर्चीत बसल्यावर. बटण दाबलं, पंखा फिरला आणि आतून टक टक असा आवाज आला, कोणी नखाने पत्र्यावर वाजवावं तसा. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या आणि त्यांच्या शेवटी एक पांढरी रेघ उघडझाप करत राहिली. मी बंद करून पुन्हा चालू केली. सहा वेळा केली. सातव्यांदा हिंमत झाली नाही, कारण दर वेळी ती टक टक वाढत होती.

मी आर्णीत लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं आणि शाळांचे पेपर कंपोज करते. शिक्षण चौथी. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, आणि माझी शाळा चौथीतच सुटली. त्यामुळे एबीसीडी मी शाळेत कधी पाहिलीच नाही. ती पाहिली गावातल्या चाचांच्या छपाईच्या प्रेसमध्ये. तिथे मी कार्डं मोजायला आणि घडी घालायला लागले होते. पावसाळ्यात काम नसायचं, तेव्हा चाचांनी मला मशीनसमोर बसवलं. प्रत्येक बटणावर त्यांनी कागदाचा तुकडा चिकटवून त्यावर मराठी अक्षर लिहिलं. वर्षभरात ते तुकडे घासून निघून गेले आणि खालून इंग्रजी अक्षरं वर आली, पण तोवर माझ्या बोटांना जागा पाठ झाल्या होत्या. त्यामुळे 'के' माझ्यासाठी काना आहे. 'डी' म्हणजे क, 'ई' म्हणजे म. ओके मला ओके दिसत नाही. व ला काना, म्हणजे वा, असं दिसतं.

चाचांना काचबिंदू झाला आणि दोन्ही डोळे गेले. प्रेस बंद करताना ते म्हणाले, "मशीन तू घेऊन जा, बेटी. इथं राहिली तं धूळ खाईन." तेव्हापासून ती माझ्या घरी, समोरच्या खोलीत होती.

मशीन गेल्यावर माझं काय गेलं, ते मला कोणाला बोलून सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहिते. मी बोलत नाही. लग्नाला गेले तर भांडी घासायच्या बाजूला बसते, म्हणजे कोणाशी बोलावं लागत नाही. पण त्या खोलीत शाळेचे मास्तर यायचे, कागद पुढे करायचे आणि विचारायचे, "बाई, आशीर्वादमधला रफार 'शी'वर येते का 'वा'वर?" मी न बोलता टाइप करून दाखवायची, आणि ते मान डोलवायचे. वावरातलं काम मला येतं, त्याची लाजही नाही. पण वावरात मला कोणी काही विचारत नाही.

जाऊबाई दारात उभ्या राहून मशीनकडे पाहत होत्या. "मेली का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "चला, सुटलो बाप्पा. आता सकाळी डबा करून संगं येत जा वावरात. कम्पुटरवाल्या बाईचे पाय लय दिवसांत मातीले लागले नाहीत." नवरा तिथेच जोड्यातली माती काढत होता. तो म्हणाला, "नाही होत तं राहू दे. मी काही म्हणतो का तुले?" त्याने खरंच मायेने म्हटलं होतं, आणि मला ते जाऊबाईंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पेटी उघडली, कान लावला आणि म्हणाला, "आतली डिस्क गेली, काकू. नवी मशीन घ्या."

"मंग हेच अक्षरं येतील काय त्याच्यात?"

"याच्याहून मस्त येतील." त्याने स्वतःचा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "के आणि ए मारा, का येते. लय सोपं आहे."

मी बोटं ठेवली आणि सवयीने 'श्री गणेशाय नमः' टाइप केलं. पडद्यावर जे आलं त्यात एकही शब्द नव्हता. तो हसला. वाईट हेतूने नाही, पण हसला. "जुना प्रोग्रॅम नव्या मशीनवर बसत नाही," तो म्हणाला. "हिची कॉपी काढून ठेवली होती का कोणी? ती बाहेरच्या डिस्कवर सोडली तं मशीन बाहेरूनही चालू होऊ शकते. मी करून देल्लं असतं, पण लग्नसराई हाये, आठ दिवस तरी हात रिकामा नाही. नवी डिस्क आणा. लॅपटॉपले लावली की तो विचारीन, साफ करू का. हो म्हणायचं आणि मंग त्याच्यात सोडायची."

मी त्याच दिवशी चाचांकडे गेले.

चाचा खाटेवर बसून रेडिओ ऐकत होते. मी सांगितलं तेव्हा त्यांनी रेडिओ बंद केला. मग चाचींना हाक मारली, "अगं, अलमारीच्या वर बिस्किटाचा डब्बा असंन, तो काढ." डब्यात एक काळी डिस्क होती, तळहाताएवढी. तिच्यावर कुंकवाचा टिळा होता. तो मीच लावलेला. प्रेस चालू होती तेव्हा दसऱ्याला मी सगळ्या मशिनींना हळदकुंकू वाहायची, आणि चाचा म्हणायचे, "हिले बी लाव, हिच्यात सगळी मशीन झोपली आहे."

"हे गाठोडं आहे," त्यांनी मला समजावलं. "आखी मशीन याच्यात बांधून ठेवली. प्रोग्रॅम, अक्षरं, सगळं. पण गाठोडं तसंच चालत नाही. दुसऱ्या डिस्कवर सोडावं लागते."

"तुमच्या लेकीले बोलावता काय? तिले इंग्रजी येते."

"तिले विचारलं तं म्हणीन, अब्बा, फेका ते भंगार. नाही. आपण करू." त्यांची लेक नागपूरला शिक्षिका आहे. तिचा जुना लॅपटॉप चाचांच्या घरी पडून होता. बॅटरी संपलेली, पण वायर लावली की चालायचा.

नवी डिस्क आणायला मी यवतमाळला गेले. एकटी दुकानात जाऊन काय मागायचं, हे मला सुचेना. म्हणून मी ब्लाउजपीस मॅचिंग करायला साडी नेतात तशी चाचांची जुनी डिस्क रुमालात बांधून नेली आणि काउंटरवर ठेवली. "अशीच पाहिजे."

दुकानदार म्हणाला, "ताई, याच्याहून मोठी येते, चांगली येते."

"नाही. अशीच."

त्याने आत शोधून तशीच काढून दिली. तोच रंग, तेवढीच, वर तेच नाव. मला इतकं बरं वाटलं. घरी आल्यावर उंबऱ्यात थांबून मी नव्या डिस्कला हळदकुंकू लावलं. नवीन वस्तू घरात येताना लावतातच. पंखा आला तेव्हा लावलं होतं, फवारणीचा पंप आला तेव्हाही लावलं होतं. हाताला सवय असते, त्यात विचार नसतो. जुन्या डिस्कचा टिळा प्रवासात पुसट झाला होता, म्हणून तिलाही पुन्हा एक लावला. आणि दोन्ही एकाच रुमालात बांधल्या.

दुसऱ्या दिवशी ऑटोत मशीन मांडीवर घेऊन मी चाचांच्या घरी गेले. पडदा जुन्या शालीत गुंडाळून आणला होता. चाचींनी पलंगाजवळ टेबल ओढलं आणि मी लॅपटॉप चालू केला. आता चाचांना इंग्रजी येत होतं पण दिसत नव्हतं, आणि मला दिसत होतं पण इंग्रजी येत नव्हतं. चाचा म्हणाले, "घाबरू नको. तू बटणं सांग, मी शब्द लावतो. बोर्ड माह्या डोक्यात आहे."

मी रुमालातून डिस्क काढून लावली. पडद्यावर एक खिडकी आली.

"काय लिहिलं?"

"सुरुवातीले पहिली वेलांटी. मंग व. मंग एक बारीक, खुंटीसारखं."

"खुंटी म्हणजे त. पुढं?"

"उ. मंग लोट्यासारखं."

"अनुस्वार. आणि शेवटी ज असंन."

"हो, ज."

"फॉरमॅट!" चाचांनी मांडीवर थाप मारली. "साफ करू का, हेच विचारून राह्यली. बरोबर चाललं. दाब."

बारीक अक्षरं बटणांवरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा वेगळी दिसत. ती मी आकाराने सांगायची. लोटा, खुंटी, विहिरीचा रहाट. चाचा लगेच ओळखायचे. चाची चहा घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "बुढ्ढा खुश आहे आज. मरीन पण बोर्ड विसरणार नाही."

"तू चूप. बेटी, आता?"

"आता दुसरी खिडकी आली. लय लिहिलं आहे. खाली दोन बटणं. एकावर वा. दुसऱ्यावर ब, अनुस्वार, द, ब, म, स."

"ते नको, ते रद्दचं आहे. ही शेवटची विचारणा आहे. म्हणते, आतलं सगळं जाईन. नवीत काय आहे जायले? वा दाब."

मी माउसने बाण 'वा' वर नेला. आणि खाली, टेबलावर पाहिलं. वायरीला लावलेली काळी डिस्क, तिच्यावर कुंकू. बाजूला रुमालावर दुसरी काळी डिस्क, तिच्यावरही कुंकू. दोन्ही टिळे कालचेच, सारखेच ओले वाटावे असे लाल.

माझा हात थांबला. बटणाचा आवाज आला नाही, म्हणून चाचांनी विचारलं, "काय झालं?"

"चाचा, मले नाही समजून राह्यलं."

"काय नाही समजून राह्यलं?"

"हे नवी हाये का जुनी."

चाचा म्हणाले, "जुनीवर तं कुंकू होतं."

"नवीवर मी लावलं. काल."

"कायले लावलं?"

"नवी होती म्हणून."

चाचींनी तोंडावर पदर घेतला. चाचा हसले नाहीत. ते म्हणाले, "हात काढ. उंदरावरून हात काढ." मग थोडं सावरून, "अगं, जुनी असती तं ते उघडून दाखवलं असतं. साफ करू का विचारते म्हणजे नवीच. दुसरी लावून पाहा, ती उघडीन."

मी रद्दचं बटण दाबलं, डिस्क काढली, दुसरी लावली. तीच खिडकी आली. पहिली वेलांटी, व, खुंटी.

जुनी डिस्कही साफ करू का असं विचारत होती. याचा अर्थ लॅपटॉपला ती वाचता येत नव्हती. किंवा याचा अर्थ तिच्यात काही उरलंच नव्हतं. चाचांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. त्यांनी दोन्ही डिस्का हातात घेतल्या, एक एक कानाला लावली, अंगठ्याने कडा चाचपल्या. "नाही कळत," ते म्हणाले. "पहिले कळलं असतं."

मी भिंतीला टेकून खाली बसले. माझ्या मनात त्या वेळी एकच आलं की मी आता घरी जाईन, आणि उद्या सकाळी डबा करून वावरात जाईन, आणि हे सगळं मी स्वतःच्या हाताने केलं. देवाला दोष नाही, दुकानाला दोष नाही. मी नमुना नेला, आणि मी टिळा लावला. रडू येत नव्हतं.

चाची म्हणाल्या, "बिल नाही काय? फ्रीजच्या बिलावर नंबर होता बाई, दुरुस्तीवाला तोच पाहत होता."

बिल माझ्या पाकिटात होतं, घडी केलेलं. मी ते पलंगावर पसरलं. डिस्कांच्या पाठीमागे बारीक लेबलं होती. अक्षरं आणि आकडे, मिळून बारा. आणि इथे मला प्रथमच हातपाय असल्यासारखं वाटलं, कारण हे काम मला येतं. प्रूफ पाहणं. अर्थ कळला नाही तरी चालतो, अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. तेलुगूत नावं असलेली एक पत्रिका मी अशीच फक्त आकार पाहून जुळवली होती.

मी उजव्या हाताचं बोट बिलावर ठेवलं आणि डाव्या हाताचं लेबलवर. पहिली आठ दोन्ही डिस्कांवर सारखी होती. बिलावरही तीच. नववं वेगळं निघालं, आणि बिलाशी ते एकाच डिस्कचं जुळत होतं. मी पुन्हा सुरुवातीपासून पाहिलं. मग चाचींना बिल धरायला लावून उलट्या बाजूने जुळवलं, शेवटापासून. तीनदा.

नवी निघाली ती नंतर लावलेली, चाचांच्या हातातून घेऊन मी टेबलाच्या डाव्या हाताला ठेवलेली. आधी वायरीला लावलेली, जिच्यावर मी बाण 'वा' वर नेला होता, ती जुनी होती.

मी ते चाचांना सांगितलं. त्यांनी वर पाहिलं, छताकडे, आणि ओठ हलवले. मग म्हणाले, "चाचीले चहा पुन्हा गरम करू दे."

नव्या डिस्कवरचं कुंकू तिथेच ओल्या बोटाने पुसलं आणि ती लॅपटॉपला लावून साफ केली. बिस्किटाच्या डब्यातच चाचांची सीडी होती, तिच्यातला गाठोडं सोडायचा प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये चालवला, जुनी डिस्क लावली. प्रोग्रॅमने बराच वेळ घेतला. मग एक ओळ आली. मी बटणं सांगत गेले आणि चाचा मध्येच थांबवून म्हणाले, "सापडलं. त्याले सापडलं. गाठोडं आहे." लॅपटॉपला वाचता येत नव्हती, एवढंच होतं.

सोडायला सुरुवात झाली तेव्हा अकरा वाजले होते. शंभरपैकी किती झालं ते पडद्यावर येत होतं, आणि आकडे मला वाचता येतात. नऊ. चौदा. तीस. बाहेर ऊन इतकं होतं की गल्लीत माणूस नव्हता. कूलरचा आवाज, आणि मी दर दहा मिनिटांनी आकडा सांगायची. एकाहत्तर झाले आणि कूलर बंद पडला. लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी तर संपलेलीच होती. पडदा काळा.

चाचा म्हणाले, "किती झाले होते?"

"एकाहत्तर."

"मंग पहिल्यापासून."

लाइट संध्याकाळी आली. चाची म्हणाल्या, "उद्या ये." मी मशीन तिथेच ठेवून घरी आले. भाकरी थापताना जाऊबाईंनी विचारलं, "झाली का जिवंत?" मी नाही म्हटलं. "मंग उद्या कुठं जाते?" मी तव्यावरची भाकरी उलटली. नवऱ्याने ताटातून वर पाहिलं आणि पुन्हा जेवायला लागला. उद्याच्या त्या एका दिवसावर माझं सगळं अडलं होतं, आणि तो मागायची मला हिंमत नव्हती. अंथरुणात मी बोटं मांडीवर ठेवून श्री गणेशाय नमः मारून पाहिलं. बोटं बरोबर जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सुरू केलं, लाइट जायच्या आधी. चाचा जपमाळ घेऊन बसले होते, पण मणी पुढे सरकत नव्हते. चाळीस. साठ. एकाहत्तर आले तेव्हा मी कूलरकडे पाहिलं. शंभर झाले तेव्हा दुपारची अजान व्हायची होती.

मी नवी डिस्क मशीनच्या मागे लावली, पडदा जोडला, बटण दाबलं. चाचांनी सांगितलेलं वरच्या रांगेतलं बटण दाबून धरलं. कोणत्या डिस्कवरून चालू व्हायचं त्याची यादी आली, मी त्यांना वाचून दाखवली, त्यांनी निवडायला सांगितलं. पडदा काळा झाला. आतून टक टक, टक टक. आणि पांढरी रेघ उघडझाप करत राहिली.

"पुढच्या बाजूले लाव," चाचा म्हणाले. मी पुढे लावली. तेच. दुसऱ्या भोकात लावली. तेच. तिसऱ्यांदा मी बटण दाबलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर अक्षरं पुसट झाली होती, मला यादीसुद्धा नीट दिसेना. चाची म्हणाल्या, "बस कर बेटी. दोन दिवस झाले." मला वाटलं, बस करावं. मी वायर काढायला हात पुढे केला.

"थांब," चाचा म्हणाले. "तो आवाज कोणाचा आहे?"

"आतला. मेलेल्या डिस्कचा."

"ती आत काहून आहे अजून? मशीन तिच्यातच अडकून राह्यली. बंद कर. पेटी माह्याकडे दे."

मी पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बाजूचा पत्रा चाचपून सरकवला आणि हात आत घातला. मी पाहत होते. त्यांची बोटं कुठे घुटमळली नाहीत. एक वायर, दुसरी वायर. ओढल्याचा आवाज आला. "आता लाव."

बटण दाबलं. टक टक नव्हतं. पंखा, मग शांतता. रेघ आली, उघडझाप केली, आणि मग गेली. पडद्यावर निळा रंग आला. मग डोंगराचं ते चित्र, प्रेसमध्ये होतं तेच. मी प्रोग्रॅम उघडला. पांढरं पान आलं. मी बोटं ठेवली आणि श्री मारलं. श्री आलं.

मी पदराने डोळे पुसले. चाचांना काही दिसत नव्हतं. ते पेटीवर हात ठेवून वाट पाहत होते. "काय झालं? नाही झाली का?"

चाची म्हणाल्या, "रडून राह्यली."

"रडून राह्यली म्हणजे चालू झाली का बंद पडली, ते तं सांगा कोणी!"

"चालू झाली, चाचा," मी म्हटलं. जोरात म्हटलं. इतक्या जोरात मी त्या घरात कधी बोलले नव्हते.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. मग म्हणाले, "सगळी जोडाक्षरं मारून पाहा. एखादं सुटलं असंन तं आत्ताच कळू दे."

मी एकेक मारत गेले. क्ष. ज्ञ. त्र. द्ध. ह्य. आता सगळी मशीन जिच्यावर चालत होती ती डिस्क वायरीवर टेबलाच्या कडेला लटकत होती, तिचा बारीक दिवा लुकलुकत होता. जोडाक्षर येईपर्यंत मी त्याच दिव्याकडे पाहायची. टेबलाला धक्का लागू नये म्हणून मी खुर्चीसुद्धा ओढली नाही, उभ्यानेच टाइप करत राहिले.